वाढत्या अंगाचं माप

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. ते शिंपी होते, आणि शिंप्याला मास्तर म्हणायची रीत असल्याने सगळा भाग त्यांना मास्तर म्हणायचा. शिवायचे मात्र ते शाळेतलंच. तीन शाळांचे गणवेश त्यांच्याकडे होते. राहत्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान: दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, खुंट्यांवर बाह्या लावायचे राहिलेले शर्ट आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. दाराशी, उजेडात, बायको काजं करत नि बटणं लावत बसायची.

त्यांना एकच मुलगी. शाळेच्या रजिस्टरात तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण तीन वर्षांची असताना तिने शर्टाचं बटण नाकात घालून घेतलं आणि ते काढायला दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून ती गुंडी. आता ती आठ वर्षांची होती आणि त्या नावावर दातओठ खायची, पण एकदा चिकटलेलं नाव सुटतं थोडंच.

मास्तरांचा एक नियम होता. पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे. पण वाढतं अंग किती वाढतंय हे कळल्याशिवाय आत किती कापड दुमडून ठेवायचं ते ठरवणार कसं? म्हणून ते प्रत्येक मुलाला भिंतीशी उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरायचे आणि उंची मापवहीत लिहायचे. दुसरा कुठला शिंपी हे करत नसे. ‘आमचे मास्तर पुढच्या वर्षीचं पोरगं आजच बघतात,’ असं आया म्हणायच्या, आणि मास्तर ‘छे हो’ म्हणत मनातून फुगायचे. दर वर्षी शाळा उघडण्याआधी नवी वही काढली की पहिलं माप गुंडीचं घ्यायचं, असाही त्यांचा एक परिपाठ होता.

टेप त्यांना शिवण शिकवणाऱ्या उस्तादांची. कापडी, टोकांना पितळी पत्रा, आकडे अजून ठसठशीत. उस्तादांनी मरणाआधी ती स्वतःच्या गळ्यातून काढून यांच्या गळ्यात घातली होती, त्यामुळे दुसऱ्या टेपेला हात लावणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं. अलीकडे तिची गुंडाळी व्हायला लागली होती, म्हणून गेली दोन वर्षं हंगाम सुरू व्हायच्या आधी शेजारचा इस्त्रीवाला ती वाफेवर ताणून सरळ करून द्यायचा.

गुंडीचा दमा सुरू झाला पाच वर्षांची असताना. आधी सर्दी झाली की खोकला, मग खोकल्याबरोबर छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज. बालदमा, डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या एका वर्षात तीनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिन्ही वेळा स्टिरॉईडचं सिरप द्यावं लागलं. सिरपाने श्वास मोकळा व्हायचा, पण पोरगी पोरगी राहायची नाही. दिसेल ते खायची, आईच्या अंगावर ओरडायची, झोपेत रडायची. गाल टम्म फुगायचे. शेजारपाजारच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, ‘पोरीने बाळसं धरलं हो!’ आणि गुंडीची आई आत जाऊन डोळे पुसायची.

पुन्हा पुन्हा ते सिरप द्यावं लागू नये म्हणून डॉक्टरबाईंनी रोजचा पंप सुरू केला. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन, प्लास्टिकच्या नळीतून, आणि नंतर खळखळून चूळ. धाप लागली तर वापरायचा तो निळा पंप वेगळा, तो दप्तरात. रोजच्या पंपातही स्टिरॉईडच आहे, पण अगदी थोडं आणि थेट छातीत जाणारं, असं त्यांनी समजावलं. घरी आल्यावर बायकोने जाहीर केलं, ‘मोजायचं काम तुमचं.’ मास्तरांनी ते इमानेइतबारे केलं. पंप दाबून दहा श्वास मोजायचे. एकदा घाईत चूळ राहिली आणि गुंडीच्या जिभेवर पांढरे चट्टे आले, तेव्हापासून ते बेसिनपाशी पहारा देत उभे राहायचे.

दोन वर्षं पोरगी ठणठणीत राहिली. दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. आणि इथेच गोची झाली. दम्याची भीती होती तोवर औषध देवासारखं वाटत होतं. दमा दिसेनासा झाला आणि भ्यायला औषधच तेवढं उरलं.

त्यात इस्त्रीवाला. स्वभावाने सोन्यासारखा माणूस, पण उंटावरचा शहाणा. एके दिवशी इस्त्री टेकवून त्याने विचारलं, ‘मास्तर, तो पंप म्हणजे स्टिरॉईड ना?’

‘हो.’

‘जिममधली पोरं घेतात तेच!’

‘ते वेगळं असतं रे. डॉक्टरबाईंनी सांगितलंय.’

‘सांगणारच त्या. माझ्या साडूच्या ओळखीत एक मुलगा होता. तोही पंप घ्यायचा. आज तिशीचा झालाय, आणि एवढासा.’ इस्त्रीवाल्याने टेबलाच्या उंचीवर हात धरला. ‘वाढ खुंटते, मास्तर. हाडं पोकळ होतात. मी आपलं सांगायचं काम केलं.’

मास्तर हसून उठले. पण शब्द कानात शिरला की तो सगळ्या अंगात फिरतो. त्या वर्षी नवी वही काढली, गुंडीला भिंतीशी उभी केली, आकडा लिहिला आणि जुन्या वह्या काढून बघितल्या. पंप सुरू व्हायच्या आधीच्या वर्षात पोरगी सहा सेंटिमीटर वाढली होती. पंपाच्या पहिल्या वर्षात चार. दुसऱ्या वर्षात तीन.

मास्तरांनी गुंडीला पुन्हा भिंतीशी उभी केली. त्यांनी पुन्हा माप घेतलं. आकडा तोच. हजारो पोरांची वाढ ज्याने आधी ओळखली, त्याच्या घरातच पोर खुंटत होती आणि तो स्वतःच्या हाताने दोन वेळा तिला ते औषध देत होता. त्या दुपारी त्यांनी एक बाही उलटी जोडली, जे वीस वर्षांत झालं नव्हतं.

डॉक्टरबाईंकडे जाऊन विचारावं, हे सरळ होतं. पण त्या म्हणतील ‘चालूच ठेवा’, आणि मग आपल्याला बोलता येणार नाही, असं मास्तरांनी स्वतःच ठरवलं. बायकोला सांगावं, तर तिने दवाखान्यात तीनदा पोरीला मांडीवर घेऊन दिवस काढलेले. ती एक दाब कमी करू देणार नाही. मग त्यांनी तेच केलं जे शिंपी करतो. थोडंथोडं आत घेतलं. आधी सकाळचे दोन दाब होते ते एकावर आणले. आठवड्याने सकाळचा बंद. मग संध्याकाळचाही एकाआड एक दिवस.

‘तू आता बरी झालीस की नाही?’ ते गुंडीला म्हणाले. ‘मग औषध कमी करायचं. आईला इतक्यात नको सांगू, उगाच घाबरेल.’

‘अळीमिळी गुपचिळी?’ गुंडीचे डोळे चमकले. बाबांबरोबर गुपित, म्हणजे केवढी चैन!

‘अळीमिळी गुपचिळी.’

तीन आठवडे काही झालं नाही. पोरगी खेळत होती, जेवत होती. मास्तरांना वाटलं, बघा, पंपाशिवायही चालतं. आपण उगाच इतकी वर्षं कैची चालवली, डॉक्टर व्हायला हवं होतं. चौथ्या आठवड्यात तर ते इस्त्रीवाल्याला चहा पाजून आले. या औषधाचा असर एका दिवसात चढत नाही तसा एका दिवसात उतरतही नाही, हे ज्याला माहीत नाही तो असाच खुशीत राहतो.

सहाव्या आठवड्यात, शाळा सुरू झाल्यावर, उरलेल्या मुलांची मापं घ्यायला मास्तर शाळेत गेले. सभागृहात रांग लागली होती. मैदानावरून खेळाचा तास संपवून गुंडीचा वर्ग आत आला. तिचं माप कधीच झालं होतं, पण मैत्रिणींसमोर मिरवायला तीही रांगेत उभी राहिली. मास्तरांना गंमत वाटली. त्यांनी टेप तिच्या छातीभोवती घेतली आणि सगळ्या पोरांना सांगायचे ते वाक्य तिलाही सांगितलं, ‘छाती फुगवायची नाही. साधा श्वास घ्यायचा.’

‘साधाच...’ गुंडी थांबली. ‘घेतेय... बाबा.’

टेप त्यांच्या बोटांत सरकत होती. आत, बाहेर, आत, बाहेर, भराभर. त्यांनी वर पाहिलं. दर श्वासाला तिच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती, खांदे उचलत होते आणि ओठांचा रंग बरा नव्हता. ती हसायचा प्रयत्न करत होती.

निळा पंप दप्तरातून काढला, नळीतून दिला, पुन्हा दिला. वर्गाच्या बाईंनी मुलांना बाहेर नेलं. गुरगुर थांबेना. मग शाळेच्या गाडीतून दवाखाना. वाटेत मास्तर पोरीला छातीशी धरून नुसते ‘झालं हं, आलंच हं’ म्हणत होते आणि आपण नक्की काय केलंय ते त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

दवाखान्यात मास्क लावला. औषधाची वाफ, ऑक्सिजन, आणि पुन्हा तेच सिरप. गुंडीची आई धावत आली तेव्हा तिच्या बोटातलं अंगुस्तान काढायचंही राहिलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तास-दोन तासांनी श्वासाचा वेग जरा खाली आला. डॉक्टरबाई फाईल घेऊन आल्या.

‘दोन वर्षं इतकी छान चालली होती,’ त्या म्हणाल्या. ‘रोजचा पंप नियमित दिला जात होता ना?’

‘म्हणजे काय!’ गुंडीच्या आईने मास्तरांकडे अभिमानाने बघितलं. ‘एक वेळ चुकू देत नाहीत हे. मी विसरेन, पण हे नाही.’

‘तंत्र पण बरोबर असतं तुमचं, मी बघितलंय,’ डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. ‘मग याचा अर्थ हा डोस तिला पुरत नाहीये. आपण दुप्पट करू.’

 ज्या औषधाला भिऊन मास्तरांनी हा सगळा उपद्व्याप केला, तेच आता दुप्पट होणार होतं. बोललं तर बायकोच्या नजरेतून कायमचं उतरायचं. नाही बोललं तर पोरीला गरज नसलेलं औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागणार. डॉक्टरबाईंचं पेन कागदावर चालायला लागलं. मास्कच्या वरून गुंडी बाबांकडे टक लावून बघत होती. तिने गुपित पाळलं होतं. आता बाबा काय म्हणतात, एवढंच तिला बघायचं होतं.

‘थांबा,’ मास्तर म्हणाले. ‘लिहू नका. मी देत नव्हतो.’

‘काय देत नव्हता?’ बायकोने विचारलं.

‘पंप. सहा आठवडे झाले, कमी कमी करत आणला. गेल्या आठवड्यात तर दिलाच नाही. पोरीची काही चूक नाही. मीच तिला गप्प बसवलं.’

गुंडीच्या आईचा हात पोरीच्या पाठीवर होता तिथेच थांबला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान फिरवली आणि हात पुन्हा फिरवायला लागली. मास्तरांना एवढी शरम उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

डॉक्टरबाईंनी लिहिलेली ओळ खोडली. ‘बरं झालं बोललात,’ त्या म्हणाल्या. ‘का कमी केलात ते सांगा.’

मास्तरांनी सगळं सांगितलं. वही, सहा, चार, तीन. डॉक्टरबाईंनी फाईल उलटी करून त्यांच्यापुढे धरली. ‘आम्हीही दर भेटीला उंची घेतो. भिंतीवर पक्की बसवलेली पट्टी आहे. ही बघा. पहिल्या वर्षी पाच. दुसऱ्या वर्षी साडेपाच.’

‘माझं माप चुकत नाही,’ मास्तर बोलून गेले. एवढं होऊनही.

‘तुमची भीती सगळीच खोटी नाहीये,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘पहिल्या वर्षात एखादा सेंटिमीटर कमी पडतो, तो औषधाचा असू शकतो. कदाचित तो कायमचाही राहील, मी खोटं सांगणार नाही. पण दर वर्षी एकेक असा जात राहत नाही. आणि दमा आटोक्यात नसला की त्यानेही वाढ अडते. आज तिला जे सिरप दिलंय ना, त्याच्या चार-पाच दिवसांत जेवढं स्टिरॉईड जाईल, तेवढं पंपातून जायला कित्येक महिने लागले असते. तुम्हाला शंका आली तेव्हाच आला असतात, तर आपण डोस मिळून ठरवला असता. कमी करता येतो. पण बघत बघत, तपासत.’

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणून मास्तर पळाले होते, आणि पळून पोरीला आणखी मोठ्या इलाजाच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं.

संध्याकाळी गुंडीचे कपडे आणायला ते घरी आले. कपडे काढायच्या आधी त्यांनी वह्या काढल्या. या वेळी गुंडीचं पान सोडून बाकीची पानं बघितली. तिच्या वर्गातला आडदांड मुलगा, ज्याची आई ‘किती वाढतो हो हा’ म्हणून रडते, तो वहीत चार सेंटिमीटर वाढला होता. एका वकिलांची ताडमाड मुलगी, साडेतीन. दोन वर्षांत वहीतली सगळीच्या सगळी शाळा खुंटली होती. इतके दिवस त्यांनी एकच पान बघितलं होतं.

त्यांनी टेप काढून टेबलावरच्या पोलादी पट्टीशी लावली. पट्टीवर एक मीटर झाला तिथे टेप सत्त्याण्णव आणि थोडं दाखवत होती. दोन वर्षं इस्त्रीवाला तिला वाफेवर ताणत होता आणि ती वाढत होती. त्याच टेपेने माप घ्यायचं आणि त्याच टेपेने कापड कापायचं, त्यामुळे कपडे मात्र सगळ्यांना चोख बसत होते. कुणाची तक्रार येणार कुठून?

मास्तर स्टुलावर बसले आणि हसू लागले, आणि हसता हसता रडू लागले. मग उठले, दाराच्या खिळ्याला टेप टांगली, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी घेतली आणि गुंडीचे कपडे घेऊन दवाखान्यात परत गेले.

बायकोला त्यांनी टेपेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘टेप ताणली हे तुमच्या हातात नव्हतं. मला न सांगणं हातात होतं.’ 

चौथ्या दिवशी गुंडी घरी आली. गाल जरा फुगले होते. वरणभाताला नाक मुरडणारी पोरगी दोनदा वाढलेलं खाऊन आणखी मागत होती, आणि नाही म्हटलं की ताट आपटत होती. इस्त्रीवाला दारात आला, बघून म्हणाला, ‘वा, पोरगी भरलीय की!’ मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आल्या पावली गेला. हे दोन-तीन आठवड्यांत उतरेल, चिडचिडही जाईल, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तोवर सोसायचं, दुसरं काय.

संध्याकाळी गुंडीच्या आईने कपाटातून पंप आणि नळी काढली. मास्तरांना वाटलं, आता ही आपल्याला हात लावू देणार नाही. तिने दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ‘तुम्हीच द्या,’ ती म्हणाली. ‘मी इथे उभी राहीन.’

मास्तरांनी पंप हलवला, दाबला, दहा श्वास मोजले. पुन्हा दाबला, दहा श्वास मोजले. बायकोही ओठांतल्या ओठांत मोजत होती. गुंडीने बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, थुंकली, तोंड पुसलं आणि तशीच उभी राहिली.

‘काय गं?’ मास्तर म्हणाले.

‘बाबा, मला आधीच खोकला यायला लागला होता. शाळा सुरू व्हायच्या आधीपासून.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही म्हणाला होतात ना, मी बरी झाले म्हणून. तुम्हाला किती आनंद झाला होता.’ गुंडी टॉवेलचं टोक पिळत होती. ‘मग खोकला आला की मी तोंडावर उशी धरायचे. चिंध्यांच्या पोत्यात पण एकदा तोंड घातलं होतं, तुम्ही मशीनवर होतात तेव्हा.’

मशीनवरून हाताच्या अंतरावर ते पोतं होतं. गुंडीची आई भिंतीला टेकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने नवऱ्याच्या दंडाला धरलं.

‘आता आला तर,’ गुंडीने विचारलं, ‘जोरात खोकू का?’

‘खोक बाळा,’ मास्तर म्हणाले. मग ते खाली, जमिनीवर, तिच्यासमोर बसले. ‘मला कितीही वाईट वाटलं, तरी तू खोक.’